पतदप्तरातील शेरा आणि त्यावरील हरकत

1875 सालच्या मे महिन्याच्या 12 तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्या दिवशी सुप्यात लूटही झाली. परंतु पुढे पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांत जेथे जेथे हे लोण पोहोचले, तेथे जमावाची पहिली मागणी बहुधा एकच असे, ती ही की सावकाराने आपल्याजवळची कर्जखते आणि न्यायालयाचे हुकूमनामे बाहेर काढून स्वाधीन करावेत. आणि ते हाती आले की त्यांची होळी होई. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुळालाही एवढे पक्के उमगले होते की आपल्या विपत्तीचे मूळ जितके कर्जात आहे तितकेच त्या कर्जाविषयी धनकोने केलेल्या नोंदीत आहे, आणि ती नोंद पडताळून पाहण्याचा कोणताही सनदशीर मार्ग आपणास मोकळा नाही. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा जो कायदा झाला त्यात इतर तरतुदींबरोबर हे तत्त्वही मान्य करण्यात आले की न्यायाधीशाने नुसत्या खतावर न विसंबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, आणि कुळास भरण्याची पावती व वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क असावा.

धनकोच्या नोंदीचा तोच प्रश्न आज निराळ्या रूपात उभा आहे. आज बँकेकडून किंवा वित्तकंपनीकडून कर्ज घेणाऱ्या मनुष्याच्या नावे जी वही उघडली जाते, ती केवळ त्या बँकेच्या दप्तरात राहत नाही. तिची एक प्रत पतमाहिती कंपन्यांकडे जाते, आणि पुढे ज्या ज्या धनकोकडे तो मनुष्य अर्ज करील त्या प्रत्येकास ती वाचावयास मिळते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी समितीच्या शिफारशीनंतर 2000 साली मुंबईत अशी पहिली कंपनी स्थापन झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून रूढ झालेला ‘सिबिल’ हा शब्द आता इतका सर्वतोमुखी झाला आहे की तो एका कंपनीचा आहे हेच लोक विसरले आहेत, आणि ‘माझा सिबिल बिघडला’ असे म्हणताना त्यांच्या मनात पोटदुखीसारखी एखादी शारीरिक व्याधी असावी असे वाटते. वस्तुतः आपल्या देशात सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, आणि 2015 पासून प्रत्येक बँकेने व वित्तसंस्थेने या चारही कंपन्यांचे सभासद असलेच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. ग्राहकाच्या व्यवहाराविषयी बँकेने मौन पाळावे हा बँकव्यवसायाचा जुना शिरस्ता. त्या शिरस्त्यास अपवाद करून ही माहिती परस्परांस देण्याची मुभा ज्या कायद्याने दिली, तो पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम 2005 साली संमत झाला आणि 2006 च्या डिसेंबरात अमलात आला. याच कायद्याच्या एकविसाव्या कलमाने ऋणकोस आपली नोंद पाहण्याचा आणि ती चुकीची असल्यास दुरुस्त करून मागण्याचा हक्क दिला आहे. बँकांना गुपित उघड करण्याची परवानगी मिळाल्याचे जेवढे परिणाम आपण भोगतो, त्या मानाने एकविसाव्या कलमाचा उपयोग फारच थोडे लोक करतात.

या नोंदीचे वजन केवळ कर्जापुरते उरलेले नाही. स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक त्याच्या प्रतिकूल पतअहवालाच्या कारणावरून रद्द केली, तेव्हा 2025 साली मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा तो निर्णय उचलून धरला. महाराष्ट्रात पीककर्ज देताना शेतकऱ्यास सिबिलची अट घालू नये असे राज्य सरकारला बँकांना वारंवार बजवावे लागते, यावरूनही त्या अटीची व्याप्ती ध्यानात येईल.

नोंदीवर हरकत घ्यावयाची तर ती नोंद कशी होते हे आधी समजून घेतले पाहिजे. अनेकांची अशी समजूत असते की पतमाहिती कंपनीत कोणी अधिकारी बसलेला असून तो प्रत्येकाच्या वर्तनाचा विचार करून बरावाईट शेरा मारतो. तसे काही नाही. बँकेच्या संगणकातून ठरावीक रकान्यांचा एक मोठा तक्ता निघतो आणि तो चारही कंपन्यांकडे रवाना होतो; पूर्वी हे महिन्यातून एकदा होई, 1 जानेवारी 2025 पासून निदान पंधरवड्यातून एकदा व्हावे असा नियम झाला. प्रत्येक कर्जखात्यासाठी या तक्त्यात खातेदाराचे नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक, कर्जाचा प्रकार, मंजूर रक्कम, शिल्लक, थकबाकी, शेवटच्या भरण्याची तारीख आणि हप्ता किती दिवस थकला आहे त्याचा आकडा असतो. कंपनी हे सारे आपल्या दप्तरात जसेच्या तसे उतरवून घेते, आणि त्यावरून 300 ते 900 यांच्या दरम्यानचा एक गुणांक गणिताने काढते. म्हणून गुणांकावर हरकत घेण्यात स्वारस्य नाही. गुणांक हा परिणाम आहे, कारण रकान्यात आहे.

त्यातही दिवसांचा रकाना सर्वांत बोलका आणि सर्वांत वादग्रस्त. अहवालात मागील छत्तीस महिन्यांची चौकट असते आणि प्रत्येक महिन्याखाली तीन आकडी संख्या लिहिलेली असते. तीन शून्ये असली की हप्ता वेळेवर आला, 030 असल्यास तीस दिवस थकला, आणि हा आकडा नव्वदाच्या पुढे गेला की ते कर्ज अनुत्पादक ठरते. आता एक अगदी नित्याचे उदाहरण घेऊ. एका नोकरदाराचा जून महिन्याचा हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे वटला नाही. जुलैपासून त्याने एकही हप्ता चुकविला नाही, आणि तरीही वर्षअखेरीस अहवाल मागवितो तो जूनपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्याखाली तीसच्या आसपासचा आकडा त्याला दिसतो. तो संतापतो, बँकेने खोटी नोंद केली असे म्हणतो, आणि सहा महिन्यांच्या पावत्या घेऊन धावतो; परंतु नोंद खरी असते. आलेला पैसा सर्वांत जुन्या थकबाकीकडे आधी वळता होतो. जुलैमध्ये भरलेला हप्ता जूनच्या खात्यात जमा झाला, ऑगस्टचा जुलैच्या, आणि अशा रीतीने एका न भरलेल्या हप्त्याची सावली पुढच्या प्रत्येक महिन्यावर पडत राहिली. येथे वाद घालून काही निष्पन्न होणार नाही. तो एक हप्ता आणि त्यावरील दंड भरून टाकला की पुढील महिन्यापासून शून्ये दिसू लागतील. अनुत्पादक ठरलेल्या खात्याचेही असेच आहे: व्याज आणि मुद्दल यांची सर्व थकबाकी फिटल्याखेरीज ते नियमित वर्गात परत येत नाही, मधले दोन हप्ते भरून भागत नाही.

दुसरा मोठा घोळ खात्याच्या स्थितीविषयीच्या शेऱ्यांत होतो. कर्ज वसूल होण्याची आशा मावळली की बँक आपल्या ताळेबंदातून ते काढून टाकते, म्हणजे निर्लेखित करते. ही बँकेच्या हिशेबाची गोष्ट झाली. ऋणकोचे देणे तिने तसूभरही कमी होत नाही, तगादा चालू राहतो आणि दावाही लागू शकतो. तरीही ‘बँकेने माझे कर्ज माफ केले आणि वर सिबिलमध्ये निर्लेखित असे लिहिले’ अशी तक्रार करणारे सुशिक्षित लोक भेटतात. तडजोडीचे प्रकरण याहून निराळे आहे. एकरकमी परतफेडीच्या योजनेत समजा दीड लाखाच्या येण्यापोटी बँकेने नव्वद हजार स्वीकारले आणि उरलेल्यावर पाणी सोडले, तर अहवालात त्या खात्यापुढे ‘तडजोड झाली’ अशा अर्थाचा शेरा येतो. ‘खाते बंद झाले’ असा तो येत नाही, आणि वसुली अधिकाऱ्याने तोंडी काहीही आश्वासन दिलेले असले तरी तो तसा येणे कायद्याने बंधनकारकही नाही, कारण साठ हजार रुपये बुडाले हे सत्यच आहे. ज्यास हा शेरा नको असेल त्याने बँकेची तयारी असल्यास सोडून दिलेली रक्कम भरावी, बेबाकी दाखला घ्यावा आणि मग खाते बंद झाल्याची नोंद मागावी. परंतु तडजोडीचे पैसे पोहोचल्यानंतरही खाते निर्लेखितच दाखविले जात असेल, किंवा तडजोड झालेल्या खात्यात अजून साठ हजारांची शिल्लक आणि वाढती थकबाकी दिसत असेल, तर ती उघड चूक होय आणि तिच्यावर हरकत घेण्याचा पूर्ण अधिकार ऋणकोस आहे. माझ्या मते नोंदीविषयीच्या रास्त तक्रारींपैकी फार मोठा भाग याच एका प्रकारात मोडतो, आणि तो टाळण्याचा उपाय बँकेच्या हाती असूनही ती तो करीत नाही.

थकलेली कर्जे बँका मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात, तेथे आणखी एक विपरीत प्रकार संभवतो. विक्रीनंतर मूळ बँकेच्या नोंदीतील शिल्लक निघून जावी आणि खरेदीदार कंपनीच्या नावे ती यावी, असा व्यवहाराचा क्रम आहे. परंतु पुष्कळदा जुनी नोंद तशीच राहते आणि नवी तिच्याशेजारी येऊन बसते, त्यामुळे एकाच कर्जासाठी मनुष्य दोनदा थकबाकीदार ठरतो. अशा वेळी मूळ बँकेकडून कर्ज हस्तांतरित केल्याचे पत्र मिळविणे हे पहिले काम.

जामीनदाराची स्थिती तर याहून चमत्कारिक. आपल्याकडे कचेरीतील सहकाऱ्यासाठी, भाच्यासाठी, शेजाऱ्यासाठी सही करणे हा लौकिक व्यवहाराचा भाग समजला जातो. सहकारी बँकेच्या अर्जावर दोन जामीनदारांच्या सह्या लागतात आणि त्या भिडेपोटी मिळतातही. करार अधिनियमाच्या 128 व्या कलमान्वये जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, आणि पतअहवालातही ते कर्ज ‘जामीनदार’ या नात्याने त्याच्या नावावर चढते. मित्राने हप्ते थकविल्याचे जामीनदारास कळते ते पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाल्यावर. ‘मी पैसे घेतलेच नाहीत’ ही हरकत येथे टिकत नाही. टिकतात त्या अशा: जामीनपत्रावरील सही आपली नाही, ते कर्ज फिटून गेले आहे, किंवा नात्याच्या रकान्यात ‘जामीनदार’ असे असावयास हवे तेथे ‘कर्जदार’ असे पडले आहे.

नामसाधर्म्याने होणाऱ्या गोंधळाविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसले तर पॅन, जन्मतारीख आणि पत्ता यांची तफावत दाखविणे पुरेसे होते. मात्र आपल्या कागदपत्रांचा दुरुपयोग करून कोणी कर्ज उचलले असेल, तर हरकतीबरोबर पोलिसांकडेही फिर्याद द्यावी.

आता मुदतीचा प्रश्न. पैशाच्या येण्यासाठी दावा लावण्याची मुदत 1963 च्या मुदत अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारणपणे तीन वर्षांची आहे, त्यामुळे तीन वर्षे लोटली की नोंदही पुसली जाते अशी एक भाबडी समजूत आढळते. मुदत संपली म्हणजे न्यायालयाचा दरवाजा बंद होतो, कर्ज नाहीसे होत नाही, आणि पतदप्तराचा मुदत अधिनियमाशी काही संबंध नाही. सात वर्षांनी सारे आपोआप स्वच्छ होते, ही समजूत अमेरिकेतून आलेली दिसते. तेथील 1970 च्या कायद्यानुसार थकबाकीची नोंद सामान्यतः सात वर्षांहून अधिक काळ दाखविता येत नाही, आणि तो काळ पहिल्या थकलेल्या हप्त्याच्या तारखेवरून मोजला जात असल्यामुळे तेथील पुष्कळ तंटे त्या एका तारखेभोवती फिरतात. आपल्याकडील नियम नेमका उलट्या टोकाने लिहिलेला आहे: पतमाहिती किमान सात वर्षे जतन करावी असे तो सांगतो. तेथे सात ही कमाल मर्यादा आहे, येथे किमान.

हरकतीचा अर्ज कसा लिहू नये ते प्रथम सांगतो. ‘आपल्या बँकेने माझा सिबिल विनाकारण खराब केला असून त्यामुळे मला अतोनात मनस्ताप होत आहे, तरी तो त्वरित सुधारावा ही विनंती,’ असा अर्ज बँकेत पोहोचला की तेथील कारकून संगणकातील नोंद उघडून पाहतो, ती आणि पतअहवालातील नोंद जुळते असे त्यास आढळते, आणि ‘नोंद बरोबर आहे’ असे उत्तर निघते. त्याचेही चुकत नाही, कारण कोणती गोष्ट कोणत्या पुराव्याने चूक आहे हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. याउलट पुढील मजकूर पाहा: ‘वैयक्तिक कर्जखाते क्रमांक अमुक, अहवालाचा नियंत्रण क्रमांक आणि तारीख अमुक. खात्याची स्थिती निर्लेखित आणि शिल्लक 60,000 रुपये दाखविली आहे. आपल्या तारीख अमुकच्या तडजोडपत्रानुसार 90,000 रुपये अमुक तारखेस भरले असून पावतीची व खातेउताऱ्याची प्रत सोबत जोडली आहे. स्थितीच्या रकान्यात तडजोड झाल्याची नोंद करावी व शिल्लक शून्य करावी.’ यात विशेषण एकही नाही, आणि कारकुनास ‘नोंद जुळते’ एवढे म्हणून सुटता येत नाही. त्याला तडजोडपत्र काढून पाहावेच लागते. जेथे चूक दोन रकान्यांत आहे तेथे दोन्ही रकान्यांची नावे घ्यावीत, आणि जेथे नोंदीचा काही भाग खरा आहे तेथे तो खरा आहे असे मोकळेपणाने लिहावे. सरसकट सारे नाकारणाऱ्या अर्जापेक्षा अशा अर्जाचे वजन अधिक असते.

असा अर्ज पतमाहिती कंपनीकडे करता येतो तसाच बँकेकडेही करता येतो, आणि दोन्हीकडे करणे श्रेयस्कर. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. कंपनी स्वतःच्या अधिकारात रकाना बदलू शकत नाही. ती हरकत बँकेकडे पाठविते आणि बँकेच्या होकारानेच दुरुस्ती करते. हा या व्यवस्थेतील सर्वांत लंगडा भाग होय: ज्याच्या नोंदीवर आक्षेप आहे त्याच्याकडेच आक्षेपाचा निवाडा सोपविलेला आहे. हे वैगुण्य काहीसे भरून काढावे म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये एक परिपत्रक काढले आणि ते 26 एप्रिल 2024 पासून लागू झाले. त्यानुसार तक्रार दाखल झाल्यापासून तीस दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये या दराने तक्रारदारास भरपाई द्यावी लागते. बँकेने एकवीस दिवसांत दुरुस्त माहिती पाठविली नाही तर हा भुर्दंड बँकेवर. बँकेने वेळेत पाठवूनही कंपनीने तीस दिवस उलटू दिले तर कंपनीवर. तिसाव्या दिवसानंतर तक्रार आणखी चाळीस दिवस लोंबकळली तर चार हजार रुपये होतात, आणि निकालानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत ते तक्रारदाराच्या बँकखात्यात जमा झाले पाहिजेत. म्हणून अर्जात खात्याचा तपशील द्यावा आणि पोच जपून ठेवावी. गुणांक कसा काढला याविषयीच्या तक्रारीस ही भरपाई नाही. दुरुस्ती नाकारल्यास तिची कारणे कळविणे बंधनकारक आहे. हा भाग मला भरपाईहून मोलाचा वाटतो, कारण लेखी कारण हाती आले की पुढच्या पायरीवर त्याचा समाचार घेता येतो.

ती पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्याही एकात्मिक लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी, आणि तिचे उत्तर तीस दिवसांत आलेले नसावे किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसावे. मग लोकपालाकडे शुल्क न भरता जाता येते. अर्ज संगणकावरून करता येतो किंवा चंदीगड येथील केंद्राकडे टपालाने पाठविता येतो. तेच प्रकरण न्यायालयात प्रविष्ट असेल तर मात्र लोकपाल त्यात हात घालीत नाही.

‘सिबिल दुरुस्त करून देतो’ अशा पाट्या लावून बसलेल्या मध्यस्थांविषयी दोन शब्द. त्यांच्याजवळ असा एकही अधिकार नाही जो स्वतः ऋणकोजवळ नाही, आणि जो अर्ज तो फुकट करू शकतो तोच ते त्याच्या वतीने, बहुधा वर दिलेल्या पहिल्या नमुन्याच्या भाषेत, हजारो रुपये घेऊन करतात. शिवाय त्यासाठी त्याचा पॅन, आधार आणि परवलीचा शब्द मागून घेतात, तो धोका निराळाच.

दुरुस्ती झाल्याचे पत्र आले म्हणजे काम संपले असे समजू नये. बँकेने केवळ एका कंपनीच्या विचारणेस उत्तर देऊन तिच्याकडील रकाना बदलला असेल आणि स्वतःच्या संगणकातील मूळ नोंद तशीच ठेवली असेल, तर पुढच्या पंधरवड्याचा तक्ता जुनीच माहिती घेऊन जातो आणि पुसलेला शेरा पुन्हा अवतरतो. उरलेल्या तीन कंपन्यांकडे तर तो कदाचित बदललेलाच नसतो. म्हणून महिना-दीड महिना जाऊ द्यावा आणि चारही अहवाल मागवून ते खाते ताडून पाहावे. शेरा परत आलेला दिसल्यास दुरुस्तीचे पत्र आणि नवा अहवाल एकत्र जोडून बँकेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्याकडे स्वतंत्र तक्रार द्यावी. तिची तीस दिवसांची मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते.